केसपेपरवर न आलेला आजार

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत माणसाची तब्येत त्याच्या कामावरून ओळखतात. आवणीच्या चिखलात बाई दिवसभर वाकून उभी राहिली का, मोळी घेऊन डोंगर उतरली का, वीटभट्टीवर जोडप्याने ठरल्या विटा पाडल्या का, यावर घराचे वर्ष ठरते. जमीन थोडी, तीही पावसाच्या भरवशाची. अंगमेहनत हेच खरे भांडवल. अशा मुलखात एखादा आजार माणसाला मारत नाही, तापवतही नाही. पण दुपारनंतर हातपाय गळून जातात, चढावर दम लागतो, छातीत धडधडते, बोलता बोलता विसरायला होते आणि आज रेटून केलेल्या कामाची शिक्षा उद्या-परवा अंथरुणात भोगावी लागते. या आजाराला आपल्याकडे एकच नाव आहे, अशक्तपणा. केसपेपरवर तेवढा एक शब्द पडतो, लोहाच्या गोळ्या मिळतात. खासगी दवाखान्यात गेल्यास ताकदीची म्हणून सलाईनची बाटली लागते आणि मजुरीचे पैसे तिथेच संपतात.

या तक्रारींमागे रक्तक्षय असू शकतो, क्षयरोग असू शकतो, सिकल सेल असू शकतो. पण 2020 आणि 2021 नंतर त्यांत आणखी एका कारणाची भर पडली आहे आणि आपण त्याची साधी चौकशीही करत नाही. ते कारण म्हणजे कोविड होऊन गेल्यावर मागे राहणारा आजार, लाँग कोविड.

टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत मुंबईहून पायी निघालेले मजुरांचे तांडे शहापूरवरून कसारा घाटाकडे जाताना इथल्या लोकांनी पाहिले. वर्षभराने, 2021 च्या उन्हाळ्यात, दुसरी लाट गावोगावी शिरली. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये झालेल्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सहा वर्षांवरील सुमारे 67 टक्के लोकांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. त्यांतल्या फार थोड्यांची चाचणी झाली होती. पाड्यावर अंगदुखी आली, कणकण आली, चार दिवस झोपून काढले आणि माणूस कामाला लागला. कोविड झाल्याचा कागद नाही, म्हणून त्यानंतरच्या आजाराला कारणही नाही. ही नोंदीची पोकळी मला औषधाच्या टंचाईपेक्षा अधिक गंभीर वाटते.

लाँग कोविड हे नाव डॉक्टरांनी दिलेले नाही, ते रुग्णांकडून आले. मे 2020 मध्ये इटलीच्या लोम्बार्डी भागातल्या पुरातत्त्व अभ्यासक एलिसा पेरेगो यांनी स्वतःच्या न संपणाऱ्या आजाराविषयी समाजमाध्यमावर लिहिताना ते वापरले आणि जगभरच्या रुग्णांनी उचलले. जागतिक आरोग्य संघटनेला अधिकृत व्याख्या करायला 6 ऑक्टोबर 2021 उजाडला. लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडत नसलेली लक्षणे, अशी ती व्याख्या आहे. 2024 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी पुढचे पाऊल टाकले आणि या निदानासाठी कोविडच्या चाचणीचा पुरावा सक्तीचा नाही असे स्पष्ट केले. वॉशिंग्टनमध्ये लिहिलेले हे वाक्य आमच्या डोळखांबला, टोकावड्याला सर्वांत जास्त लागू पडते. त्याच वर्षी ‘नेचर मेडिसिन’मधल्या एका आढाव्याने जगातल्या लाँग कोविडग्रस्तांचा अंदाज सुमारे 40 कोटी मांडला. त्या 40 कोटींत आपल्या तालुक्यांतले किती, हे कुणी मोजलेले नाही.

साथ मृत्यूंनी मोजायची आणि वाचलेल्यांच्या शरीरात काय उरले ते सोडून द्यायचे, ही आपली जुनी सवय आहे. 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. 1897 मध्ये साथरोग कायदा झाला, त्याच वर्षीच्या जानेवारीत वॉल्डेमार हाफकिन यांनी स्वतःच्या अंगावर लस टोचून घेतली आणि 1899 मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. महाराष्ट्रातल्या रोगप्रतिकार संशोधनाची ही अभिमानाची सुरुवात होती. पण सरकारी अहवालांचे रकाने ठरलेले होते. लागण किती, मृत्यू किती, टोचून किती घेतले. बऱ्या झालेल्या माणसाचे पुढे काय झाले, याला रकाना नव्हता.

1918 मध्ये इन्फ्लुएंझा आला. जूनमध्ये मुंबईच्या गोदी परिसरात पहिले रुग्ण दिसले, सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भीषण ठरली आणि रेल्वेच्या वाटेने आजार देशभर गेला. भारतात सव्वा कोटीच्या आसपास किंवा त्याहून बरेच जास्त लोक गेले. पुढे 1964 मध्ये अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी या साथीचा वापर एका वादासाठी केला. भारतीय शेतीत माणसे खरोखर फालतू आहेत का, हा तो वाद. 1916-17 च्या तुलनेत 1919-20 मध्ये देशातले पेरणीखालचे क्षेत्र 3.8 टक्क्यांनी घटले, म्हणजे मजूर कमी झाल्याने शेती कमी झाली, असा त्यांचा युक्तिवाद होता. अमर्त्य सेन यांनी तो 1967 मध्ये खोडून काढण्याचा प्रयत्न केला. वाद विद्वत्तापूर्ण होता. तरी तो पुन्हा वाचताना एक गोष्ट टोचते. त्याचे गणित मेलेल्या मजुरांवर उभे आहे. जे जगले पण पुढच्या आवणीला उभे राहू शकले नाहीत, त्यांची मोजदाद त्यात कुठेच नाही. 1889-90 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर युरोपातल्या डॉक्टरांनी महिनोन्‌महिने टिकणारी थकावट, निद्रानाश, मनाची उदासी यांची वर्णने लिहून ठेवली आहेत. तशी ती 1918 नंतरही आहेत. आपल्या खेड्यांतली माणसे त्या वेळी वेगळ्या हाडामांसाची नव्हती. त्यांच्याबद्दल लिहिणारे नव्हते, इतकेच.

मात्र साथीनंतरच्या आजाराची ओळख महाराष्ट्राला अजिबात नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. चिकनगुनियाचेच पाहा. 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याचा उद्रेक झाला, नंतर तीन दशके तो विषाणू जवळजवळ विसरला गेला आणि 2006 मध्ये देशभर 13 लाखांहून अधिक संशयित रुग्ण करून परतला. ताप आठवड्यात जायचा. सांधे मात्र महिनोन्‌महिने धरून राहायचे. सकाळी मूठ वळत नसे, जमिनीवरून उठता येत नसे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी हे दुखणे गंभीरपणे घेतले. भिगवण परिसरात सांधेदुखीचे घरोघर सर्वेक्षण करण्याचा अनुभव त्यांच्या चमूकडे 1996 पासून होता. त्यांनी चिकनगुनियानंतर दुखणे टिकून राहिलेल्या 70 रुग्णांना चिठ्ठीने दोन गटांत विभागले आणि एका गटाला क्लोरोक्विन, दुसऱ्याला मेलॉक्सिकॅम हे साधे वेदनाशामक 24 आठवडे दिले. क्लोरोक्विन तेव्हा सर्रास लिहून दिले जात होते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की ते वेदनाशामकापेक्षा सरस नाही. मला हा छोटा प्रयोग फार मोलाचा वाटतो. आपल्या मातीतला आजार, आपले रुग्ण, चाललेल्या उपचाराला विचारलेला प्रामाणिक प्रश्न आणि ‘नाही’ हे उत्तर छापण्याचे धैर्य, हे सगळे त्यात आहे.

दुसरे उदाहरण कुष्ठरोगाचे. ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात काम केलेल्या आरोग्यसेवकाला ‘रिअ‍ॅक्शन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. औषधांनी जंतू मरतात. उपचार पूर्ण होतो, कधी रुग्ण यादीतून कमीही होतो. आणि नंतर एक दिवस नसा सुजतात, गाठी येतात, ताप भरतो. कारण मेलेल्या जंतूंचे तुकडे ऊतींमध्ये रेंगाळतात आणि शरीराची संरक्षण यंत्रणा त्यांच्याशी लढत राहते. त्या वेळी जंतू मारणारे औषध वाढवून उपयोग नसतो, लढाई शमवावी लागते. म्हणून प्रेडनिसोलोन देतात. गाठींच्या प्रकारावर थॅलिडोमाइड गुणकारी असल्याचे जेरुसलेमचे डॉ. जेकब शेस्किन यांना 1964 मध्ये आढळले. रोग गेला तरी प्रतिकार थांबत नाही, हे कुष्ठरोगाने आपल्याला पूर्वीच शिकवले होते. लाँग कोविडच्या संशोधनातला सर्वांत कळीचा प्रश्न आज तोच आहे.

2020 मध्ये ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही घोषणा घराघरांत पोहोचली. काढे झाले, गोळ्या वाटल्या गेल्या. भयाच्या दिवसांत लोकांनी आधार शोधला, त्यांना दोष देता येत नाही. पण त्या घोषणेने एक चुकीची समजूत रुजवली, की प्रतिकार जितका जास्त तितका बरा. कोविडने अतिदक्षता विभागात गेलेल्यांपैकी अनेकांना विषाणूइतकाच स्वतःच्या प्रतिकाराच्या भडक्याने मृत्यू आला. जून 2020 मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले, की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड कृत्रिम श्वासावरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. ते औषध प्रतिकार दाबते. शरीराला लढण्याइतकेच थांबणेही यावे लागते. हे थांबवणाऱ्या पेशी शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवल्या आणि त्याच शोधमालिकेसाठी 2025 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले.

मग लाँग कोविडमध्ये हे थांबणे कुठे अडते? एक शक्यता अशी, की विषाणू किंवा त्याची प्रथिने आतड्यात आणि इतर ऊतींत दडून राहतात आणि प्रतिकाराला डिवचत राहतात. दुसरी शक्यता शरीरात आधीपासून झोपलेला एपस्टाइन-बार विषाणू जागा होण्याची. येल विद्यापीठाच्या अकिको इवासाकी आणि मौंट सिनाईचे डेव्हिड पुत्रिनो यांच्या गटाने सप्टेंबर 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या अभ्यासात लाँग कोविडच्या रुग्णांत थकलेल्या टी पेशी, एपस्टाइन-बारविरुद्ध वाढलेला प्रतिसाद आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकाची घटलेली पातळी आढळली. 2024 च्या जानेवारीत झुरिकच्या ओनूर बॉयमन यांच्या गटाने रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ ही जुनी संरक्षक प्रथिनसाखळी या रुग्णांत बेताल चालू राहते असे दाखवले. काही रुग्णांची प्रतिपिंडे उंदरांना टोचल्यावर उंदरांतही वेदनेची लक्षणे दिसली, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटले असावे. संधिवाताच्या तापात घशाच्या जंतूविरुद्ध उठलेला प्रतिकार हृदयाच्या झडपा बिघडवतो, हे आपले डॉक्टर जाणतात. हा प्रकार त्याच जातीचा.

या सगळ्यांत मजुरी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मला अ‍ॅमस्टरडॅमचा अभ्यास सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तोही जानेवारी 2024 चाच. संशोधकांनी रुग्णांना सायकलवर श्रम करायला लावले आणि आधी व नंतर मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. श्रमानंतर स्नायूंत इजा वाढली होती, पेशींची ऊर्जा तयार करण्याची क्षमता घटली होती. म्हणजे ‘काल काम केले म्हणून आज उठवत नाही’ असे म्हणणारी बाई आळशी नाही, तिचे स्नायू तिच्या बाजूने साक्ष देतात. शेकडो वर्षे ज्यांना कामचुकार म्हटले गेले, त्यांच्यासाठी हा पुरावा फार उशिरा आला. पण आला.

उपचारांची कथा इतकी दिलासादायक नाही आणि ती सांगताना खोटी आशा देऊ नये. विषाणू दडून बसला असेल तर विषाणूरोधक औषधाने तो जाईल, या विचाराने स्टॅनफर्डमध्ये 155 रुग्णांवर पॅक्सलोविडची 15 दिवसांची चाचणी झाली. 2024 मध्ये निकाल लागला, फायदा नाही. स्वतःवर उलटलेली प्रतिपिंडे निष्प्रभ करण्यासाठी बर्लिनच्या कंपनीने आणलेले बीसी-007 हे औषधही त्याच वर्षी नुसत्या दिखाऊ औषधापेक्षा वरचढ ठरले नाही. संधिवातात वापरले जाणारे बॅरिसिटिनिब अमेरिकेत चाचणीत घेतले गेले. लाँग कोविड हा बहुधा एक आजार नसून अनेक वाटांनी एकाच जागी पोहोचणारे अनेक आजार आहेत. सगळ्यांना एका गटात घालून एक औषध दिले, तर ज्याला लागू पडते त्याचा फायदा इतरांच्या गर्दीत हरवतो.

एक निकाल मात्र थेट आपल्या दाराशी येतो. मिनेसोटाच्या डॉ. कॅरोलिन ब्रामांटे यांच्या ‘कोविड-आउट’ चाचणीत ताज्या कोविड रुग्णांना मेटफॉर्मिन दिले. ज्यांना ते मिळाले त्यांच्यात पुढे लाँग कोविडचे निदान 6.3 टक्क्यांना झाले, ज्यांना मिळाले नाही त्यांच्यात 10.4 टक्क्यांना. मेटफॉर्मिन म्हणजे मधुमेहाची जुनी, स्वस्त गोळी. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात तिच्यासाठी परदेशाकडे बघावे लागत नाही. पण त्या चाचणीत घेतलेले सगळे लोक जादा वजनाचे किंवा लठ्ठ होते. आमच्या कातकरी पाड्यावरच्या कृश बाईला ते लागू पडेल का? तिच्या शरीरात कदाचित सुप्त क्षयरोग आहे, पोटात जंत आहेत, हिमोग्लोबिन कमी आहे, लहानपणी कुपोषण झालेले आहे. या प्रत्येक गोष्टीचा प्रतिकारयंत्रणेवर परिणाम होतो. येलच्या आणि झुरिकच्या रक्ताच्या नमुन्यांतून तिच्याबद्दलचे उत्तर निघणार नाही.

आणि अर्धवट ज्ञानावर उपचार सुरू करण्याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. 2021 मध्ये गरज नसताना, जास्त दिवस, साखर न तपासता दिलेल्या स्टेरॉइडने काळ्या बुरशीला वाट करून दिली. माणसांचे डोळे गेले, जबडे गेले. लाँग कोविडवर ‘प्रतिकार शमवणारे’ म्हणून उद्या कुणी तालुक्याच्या ठिकाणी इंजेक्शने विकू लागला, तर क्षयरोग दबा धरून बसलेल्या या भागात ते घातक ठरेल.

मग तूर्त काय? आज सर्वांत भरवशाचा सल्ला आहे तो श्रम मोजून करण्याचा. थकण्याच्या आधी थांबायचे, कामाचे तुकडे करायचे. कष्टकरी बाईला हे सांगताना आपल्याला संकोच वाटला पाहिजे. लाँग कोविड बायकांत अधिक आढळतो आणि या तालुक्यांत पाणी बायकाच वाहतात. तानसाचे धरण 1892 चे, त्यानंतर मोडक सागर, भातसा. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा शहापुरातून जातो आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारीला विश्रांती लिहून देणे म्हणजे काहीच न देणे. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने बयाणा आधीच उचललेला असतो, तिथे अर्धा दिवस काम हा पर्यायच नसतो. म्हणून पाड्यापर्यंत नळ नेणे आणि रोजगार हमीवर हलके काम मिळणे, हे या आजाराच्या उपचाराचे भाग आहेत, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

संशोधनाची बाजू त्याहून सोपी आहे. परळला, केईएमच्या आवारात, रक्त आणि प्रतिकारशास्त्रावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. सिकल सेलच्या निमित्ताने तिचा आदिवासी भागांशी जुना संबंध आहे. परळच्याच प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचे ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूत आहे, जो तालुका 1 ऑगस्ट 2014 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होता. आणि गावच्या बाईला वैद्यकीय नोंद जमणार नाही, हा आक्षेप डॉ. नोशीर अंतिया यांनी 1970 च्या दशकात मांडव्यात गावातल्याच बायकांना आरोग्यकाम शिकवून निकालात काढला. त्याच अंतियांनी मुंबईत कुष्ठरोगाच्या प्रतिकारशास्त्रावर संशोधन संस्था उभारली. पाडा आणि प्रयोगशाळा एकाच माणसाच्या कामात सामावल्याचे हे उदाहरण फार जुने नाही.

किन्हवली किंवा धसईच्या परिसरापासून सुरुवात करता येईल. आशाताईंच्या नेहमीच्या भेटीत चार प्रश्न जोडायचे. 2020-21 मध्ये ताप, खोकला, वास जाणे असे काही झाले होते का? त्यानंतर पूर्वीइतके काम होते का? श्रमाच्या दुसऱ्या दिवशी त्रास वाढतो का? उभे राहिल्यावर धडधडते का? ‘हो’ म्हणणाऱ्यांचे हिमोग्लोबिन, साखर, थुंकी, सिकल सेल आणि थायरॉइड आधी तपासायचे, कारण यांतल्या बऱ्याच जणांना बरा होणारा दुसराच आजार निघेल आणि तो सापडणे हाही लाभच आहे. उरलेल्यांना आडवे झोपवून नाडी मोजायची आणि मग दहा मिनिटे उभे ठेवून पुन्हा मोजायची. प्रौढ माणसात रक्तदाब न घसरता ठोके मिनिटाला 30 किंवा अधिक वाढले, तर शरीराची आपोआप चालणारी नियंत्रणे बिघडल्याची शक्यता असते. मीठ-पाणी वाढवण्यापासून काही साध्या गोळ्यांपर्यंत तिच्यावर उपाय आहेत, अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. या तपासणीला घड्याळ आणि रक्तदाबाचे यंत्र पुरते, दोन्ही उपकेंद्रात आहेत. मेटफॉर्मिन कृश शरीरांत उपयोगी आहे की नाही, हे पुढच्या लाटेत चिठ्ठी टाकून ठरवायचे असेल, तर त्या वेळी तुलना करायला ही नोंदवही आधीपासून भरलेली हवी. तिचा खर्च जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने वाटून घ्यावा आणि आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला पहिल्या महिन्यापासून द्यावा.